वरच्या आळीचं पाणी

बदलीचा हुकूम आला तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो पाण्याचा. गाव कोणतं, किती लांब, समुद्र कसा असतो, हे सगळं नंतर. बाबांनी माग थांबवला, पाय खड्ड्यातच ठेवून मान वळवली आणि विचारलं, "तिकडं डाळ शिजते काय?"

मला माहीत नव्हतं. मी माशांच्या खात्यात कारकून होतो. भंडारा जिल्ह्यात तळी पुष्कळ, म्हणून खात्याला काम पुष्कळ, आणि माझं काम म्हणजे त्या तळ्यांच्या फायली. अकरा वर्षांत मी एकदाही जिवंत मासा हातात धरलेला नव्हता. तरी खात्यानं मला कोकणातल्या एका बंदराच्या गावी पाठवायचं ठरवलं.

खात्यानं ठरवलं, असं मी घरी सांगितलं. अर्ज मी केला होता, हे सांगितलं नाही. या हकिकतीतली ही पहिली लबाडी, आणि त्यातल्या त्यात लहान.

आम्ही भंडाऱ्यात विणकरांच्या गल्लीत राहत होतो. पुढच्या खोलीत बाबांचा खड्डामाग, मागे दोन खोल्या. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा, मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. शेजारच्या घरात बाबांची धाकटी विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या. तिच्या आणि आमच्या घरामध्ये भिंत होती, पण ती फक्त छपराला आधार म्हणून. बोलणं दोन्हीकडे सारखंच ऐकू यायचं.

बाबा वाईट असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. ते वाईट नव्हते. ते फक्त ठरवायचे. कोणत्या दिशेला डोकं करून झोपायचं, मुलांचे केस कोणत्या न्हाव्याकडे कापायचे, पावसाळ्यात कोणती खिडकी बंद ठेवायची. ते रागावून ठरवत नसत. विणता विणता ठरवत. धोटा इकडून तिकडे गेला की एक गोष्ट ठरलेली असे. मी चौतीस वर्षांचा झालो होतो आणि घरात एक खिळासुद्धा मी माझ्या मनानं कुठे मारला नव्हता.

पाण्याचं मात्र सगळ्या गल्लीचंच मत तसं होतं. नवीन घर घ्यायचं तर आधी तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून बघायची. शिजली तर घर चांगलं. दाणा दाणा वेगळा राहिला तर घर सोन्याचं असलं तरी नको. सोयरीक जमवतानाही आत्या मुलीच्या गावचं पाणी मागवायची. माझ्या बायकोचं माहेर अड्याळचं. तिथलं पाणी पास झालं होतं, म्हणून ती आमच्या घरात होती. तिच्याबद्दल बाकी काही विचारलं गेलं होतं की नाही, मला आठवत नाही.

"तिकडं क्वार्टर नाई भेटत काय?" बायकोनं विचारलं. "जवाहरनगरच्या फॅक्टरीवाल्याईले कसे क्वार्टर भेटते."

"आमचं खातं लहान आहे," मी म्हणालो.

"मंग बरं हाय," बाबा म्हणाले. "क्वार्टर म्हणलं का पाणी कोणाच्या नळाचं, ते बी समजत नाई. तू आधी जाऊन पाहून ये. दोन मोहल्ले पाह्यजो. दोन्हीकडचं पाणी आणजो. इथं शिजवून पाहू अन् मंग ठरवू."

"एवढ्या लांबून पाणी?"

"पाणी काय चालत येणार हाय? तू आणशील."

नव्या कचेरीतल्या एका कारकुनाला मी पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं की दोन जागा रिकाम्या आहेत, एक वरच्या आळीत आणि एक खालच्या आळीत. दोन्ही कुटुंबवत्सल माणसाला योग्य.

मग प्रत्येकानं आपापलं सांगितलं. बायकोला शाळा जवळ हवी होती, आणि दारासमोरून मोटारी जाता कामा नयेत. आत्याला समुद्राची भीती होती. "वैनगंगेचं पाणी एवढं घरात येते," ती म्हणाली, "तं समुद्राचं केवढं येत असंल? बाबू, समुद्राच्या तोंडावर घर घेऊ नको." बाबांनी शेवटी सांगितलं.

"माग बसला पाह्यजे. एक. बाकी मले काई नाई लागत."

म्हणजे ते येणार होते. मला वाटलं होतं की ते गल्ली सोडणार नाहीत. सगळा अर्ज मी त्या अंदाजावर केला होता.

बाबांनी सरबताच्या दोन रिकाम्या बाटल्या गरम पाण्यानं धुतल्या, आणि ओळख राहावी म्हणून त्यांच्या गळ्याला सूत बांधलं. एकीला लाल, दुसरीला पांढरं. "लाल वरच्या आळीले, पांढरं खालच्या. विसरशील तं चिठ्ठीवर लिहून घे." सूत त्यांनी त्यांच्या गाठीनं बांधलं. विणकराची गाठ एका हातानं मारतात आणि उरलेली टोकं दातानं तोडतात. ती इतकी बारीक बसते की विणताना फणीतून अडकल्याशिवाय निघून जाते. ओढली की आणखी घट्ट होते. सुटत नाही, कापावीच लागते. बाबांना दुसरी गाठ येतच नव्हती. मला ही कधी आली नाही. लहानपणी वर्षभर शिकवून बाबा म्हणाले होते, "तुले गाठ येत नाई. तू शाळेतच जात जाय." माझी सरकारी नोकरी तिथून सुरू होते.

प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. पोचायला अडीच दिवस लागले. पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या घेऊन मी जवळपास सगळा महाराष्ट्र आडवा पार केला. लोक विचारत, औषध आणायला चाललात का. मी हो म्हणायचो.

वरची आळी सपाट रस्त्याला होती. ओळीनं घरं, प्रत्येकापुढे थोडं अंगण आणि दोनचार माड. कोपऱ्यावर देऊळ, देवळाच्या पायरीवर चार म्हातारे सुपारी कातरत बसलेले. मी तिथून तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा ते तिथेच होते. घराची मालकीण साठीच्या पुढची, एकटीच. तीन खोल्या आणि बाजूला लांब पडवी. शाळा दहा मिनिटांवर.

मी प्रामाणिकपणे विचारलं. घराच्या बाबतीत तोपर्यंत मी प्रामाणिकच होतो.

"माझे वडील विणतात. माग आणावा लागेल. चालेल?"

"आवाज करतो का?"

"करतो."

"करू दे. या घरात माणसाचा आवाज नाही, मागाचा तरी येईल."

"खड्डा खणावा लागतो. पाय सोडायला."

ती पडवीत गेली, पायानं जमीन ठोकून दाखवली. "जांभा आहे. खणताना घाम निघेल. पण खणा. एकदा खणलात की कितीही पाऊस पडो, थेंबभर ओल यायची नाही." मग तिनं मला विहिरीचं पाणी प्यायला दिलं. गोड होतं. मी लाल सुताची बाटली भरून घेतली. ती हसली नाही. "डाळ शिजवून बघणार असाल," ती म्हणाली, "शहाणी माणसं आहात."

खालच्या आळीला रस्त्यावरून पायऱ्या उतरून जावं लागत होतं. जांभ्याच्या, उंच, कुठे तुटलेल्या पायऱ्या. मी उतरताना मोजल्या. अठ्ठ्याऐंशी. खाली खाडीच्या कडेला दोन खोल्यांचं घर. समोर मोटार येण्याचा प्रश्नच नव्हता, सायकलसुद्धा खांद्यावर आणावी लागे. शाळा लागूनच, कचेरी पाच मिनिटांवर. बनियनवर बसलेल्या मालकानं पाणी पुढे केलं आणि म्हणाला, "जरा मचूळ आहे. सवय होते."

पाणी चाखण्याआधी मी पायऱ्या मोजल्या होत्या, हे मी मुद्दाम लिहितो. बाबांचे गुडघे चाळीस वर्षं ओल्या खड्ड्यात राहून गेलेले होते. आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या, आणि त्या उतरताना ते चौकट धरत.

मी त्या दुसऱ्या खोलीत थोडा वेळ उभा राहिलो. भिंत रिकामी होती. कॅलेंडर कुठे लावायचं, त्याचा खिळा कुठे मारायचा, हे मी बघत होतो. मग पांढऱ्या सुताची बाटली भरली, पायऱ्या चढून वर आलो. चढतानाही मोजल्या. तेवढ्याच होत्या.

नागपूरला भंडाऱ्याच्या गाडीला दीड तास होता. भर दुपार, स्टँडवर पंखा नाही. मी दाढीचं पातं काढलं आणि दोन्ही सुतं कापली. गळ्यावरून ती सरकून निघत नव्हती, वरची कड आड येत होती. मग लाल सूत खालच्या आळीच्या बाटलीला बांधलं आणि पांढरं वरच्या. गठोड्याला मारतो तशी गाठ, दोनदा. शेजारी एक बाई पोराला वरणभात भरवत होती. तिनं विचारलं, "गंगाजल हाय काय दादा?" मी हो म्हणालो. तिनं बाटल्यांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा झाली. बाबांनी त्या दिवशी माग लावला नाही. आत्यानं दोन सारखी गंजं, म्हणजे पातेली, घासून आणली. अड्याळहून आलेली, बायकोच्या माहेरच्या शेताच्या धुऱ्यावरची तूर होती. आत्यानं दोन्हीकडे दोन दोन मुठी डाळ घातली, आणि एका गंजात चार दाणे जास्त पडलेसे वाटल्यावर ते वेचून काढले.

"लाल म्हणजे वरची नं?" तिनं विचारलं.

"लाल वरची," मी म्हणालो.

बाबांनी बाटल्या उचलल्या. बूच काढण्याआधी ते सूत काढायला गेले. लाल सुतावर त्यांचा अंगठा गेला आणि तिथे थांबला. मग त्यांनी दुसरी बाटली घेतली आणि तिच्या सुतावरूनही अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

मी चुलीकडे बघितलं.

एवढंच झालं. बाटल्या बदलल्याचं पुढे घरात सगळ्यांना कळलं आणि जुनं झालं. पण बाबांचा अंगठा गाठीवर थांबला होता आणि तो का थांबला हे मला त्याच क्षणी समजलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. मला समजलं नाही असं मी स्वतःलाही पुष्कळ वर्षं सांगत होतो.

बाबांनी माझी गाठ नखानं सोडवली. सहज सुटली. पाणी गंजात ओतलं.

"मामाजी, कोणत्या चुलीवर कोणतं?" बायकोनं सासऱ्यांना विचारलं.

"डावीकडं लाल."

पाऊण तासानं आत्यानं पळी घातली. उजवीकडची डाळ मेणासारखी झाली होती. डावीकडची दाण्यादाण्यानं उकळत होती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ती डाळ आहे.

"वरच्या आळीचं पाणी गेलं कामातून," आत्या म्हणाली. "पाह्य नं दादा, गोटे शिजवून राहिली मी. अन् खालचं पाह्य कसं! बाबू, खालचं घर घे. समुद्र दूर हाय नं त्याच्यापासून?"

"खाडी आहे," मी म्हणालो. "समुद्र नाही."

"मंग होते."

"पायऱ्या हायेत म्हणत होता तू," बाबा म्हणाले. "किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मोजल्या?"

"हो."

त्यांनी उजव्या गंजातली थोडी डाळ बोटावर घेऊन चाखली. "डाळ शिजली," ते म्हणाले. "मंग तिकडंच जा. मले काई पायऱ्या होत नाई. मी इथंच बरा."

वरच्या आळीत माग बसत होता, हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही. डाळ शिजली नाही म्हटल्यावर त्या घराचं पुढे कोण विचारणार? कुणी विचारलं नाही, हे मी नंतर स्वतःपुढे बऱ्याचदा पुरावा म्हणून ठेवलं आहे.

आत्यानं दुपारपर्यंत गल्लीभर सांगितलं. निघताना बाबा गल्लीच्या तोंडापर्यंत आले. मुलीनं विचारलं, "आजोबा, तुमी कवा येसाल?" ते म्हणाले, "पायऱ्या घासून घासून कमी झाल्या का येतो."

खालच्या आळीत गेल्यावर पहिल्याच दिवशी मी भिंतीवर खिळा मारला. दुपारी बायकोनं डाळ लावली. दीड तास झाला, दोन तास झाले. तिनं पळीनं एक दाणा काढून माझ्यापुढे धरला. मी तो चावला. कडकन आवाज झाला.

"पाणी तेच हाय नं?" तिनं विचारलं.

"विहीर एकच आहे."

"मंग तिकडं कशी शिजली?"

"उन्हाळ्यात पाणी बदलतं," मी म्हणालो. माशांच्या खात्यातला माणूस म्हणून पाण्याबद्दल माझ्या शब्दाला थोडं वजन होतं.

आठ दिवसांनी ती शेजारणींबरोबर वर गेली. डाळीपुरतं पाणी सगळ्या बायका वरच्या आळीतूनच आणत, ही त्या गावची रीत होती. पहिल्या दिवशी मला कुणी ती सांगितली नव्हती, कारण पुरुष माणसाला ती माहीतच नव्हती. बायको एक कळशी घेऊन आली, डाळ लावली, डाळ शिजली. रात्री जेवताना ती म्हणाली, "वरची बाई विचारत होती, माग घेऊन येणार होते ते म्हातारे कुठं हायेत म्हणून."

मी भात कालवत राहिलो. तिनं मला आणखी वाढलं. तिला सगळं समजलं होतं, आणि मला वाढणं थांबवावं असं तिला वाटलं नाही, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. आता वाटत नाही.

"मामाजीले सांगून टाका," ती पुढे कधीतरी म्हणाली.

"काय?"

"जे हाय ते."

"दिवाळीला जाऊ तेव्हा सांगतो."

दिवाळ्या सात झाल्या. दर वर्षी आम्ही भंडाऱ्याला जायचो आणि दर वर्षी, पाय धुऊन मी बसलो की बाबा विचारायचे, "डाळ शिजते काय तिकडं?" मी म्हणायचो, शिजते. ते मान हलवायचे आणि धोटा फेकायचे. मला वाटायचं हा त्यांचा खुशाली विचारण्याचा प्रकार आहे. ते दर वर्षी मला एक दार उघडून देत होते आणि मी दर वर्षी ते बाहेरून लावून घेत होतो. आणि त्या सात वर्षांत रोज सकाळी माझी बायको एक कळशी कमरेवर घेऊन अठ्ठ्याऐंशी पायऱ्या उतरत होती. मुलगी मोठी झाल्यावर तीही एक लहान कळशी घेऊ लागली. मी कचेरीत असायचो. कचेरी पाच मिनिटांवर होती.

सातव्या दिवाळीला बाबा खूप वाळलेले दिसले. विणत होते, पण दिवसाला वीतभर. पावसाळा लांबला होता, खड्ड्यात ओल होती. खाली त्यांनी गोणपाट अंथरलं होतं आणि तेही काळं पडलं होतं. दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो.

"डाळ शिजते काय तिकडं?"

"नाई शिजत," मी म्हणालो.

धोटा थांबला नाही. "सोडा टाकत जा म्हणा. चिमूटभर."

"बाबा, त्या बाटल्या..."

"गाठ तुही होती."

मागाचा आवाज चालू होता. आत्या भिंतीपलीकडे खोकली नाही, यावरून ती ऐकत होती हे मला कळलं.

"मंग तवा बोलले काहून नाई?" मी विचारलं.

"काय बोलू? तुह्या आत्यानं साऱ्या गल्लीले सांगून टाकलं होतं." त्यांनी एक धागा सरळ केला. "पोट्ट्याले वेगळं राहावं वाटते. वाटते कवा कवा. तोंडानं म्हणाले पाह्यजे होतं. मी काय खाऊन टाकलो असतो तुले?"

"म्हणजे म्या उगाच गल्लीभर सांगतलं?" पलीकडून आत्या म्हणाली.

"तू गप राय," बाबा म्हणाले. "तुही डाळ चांगलीच शिजली होती."

मला हलकं वाटलं. सात वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. आणि हलकं वाटलं की माणूस जास्त बोलतो. सगळंच सांगून टाकावं म्हणून मी म्हणालो, "वरच्या आळीत माग बसत होता."

धोटा त्यांच्या हातातच राहिला.

"काय?"

"पडवी होती. लांब. बाई म्हणाली, खणा खड्डा."

"खणू देत होती?"

"हो."

"अन् आवाज?"

"चालते म्हणाली."

हे त्यांना माहीत नव्हतं. बाटल्या बदलल्याचं ते सात वर्षं जाणत होते आणि त्यांनी ते आपल्याशी कसंतरी जमवून घेतलं होतं. मुलाला वेगळं राहायचं होतं, वरच्या आळीतही माग बसत नव्हता, मग गेला तर गेला. हा हिशेब त्यांचा जुळला होता. मी त्यातला एक आकडा काढून घेतला.

"जमीन कशी हाय तिकडची?" त्यांनी विचारलं.

"जांभा दगड."

"ओल?"

"नसते. उंचावर हाय. पावसाळ्यातही नसते म्हणाली."

बाबांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं. काळ्या गोणपाटावर ते सुजलेले दिसत होते.

"कोरडा," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी पुढे विणलं नाही. बायकोनं चहा आणला, तो त्यांनी खड्ड्यात बसूनच घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला जाताना ते माझ्याजवळ थांबले.

"ते बाई हाय काय अजून?"

"हाय."

"विचारून पाह्यजो."

परत गेल्यावर त्याच संध्याकाळी मी वरच्या आळीत गेलो. देवळाच्या पायरीवर आता तीन म्हातारे होते. मालकीण मला ओळखत होती. बायकोच्या सात वर्षांच्या कळश्यांमुळे ती आमच्या सगळ्या घराला ओळखत होती.

"आता?" ती म्हणाली. "मागच्या वर्षी दिली मी जागा. पोस्टातले आहेत. पडवीत त्यांची म्हैस असते."

"जाणार आहेत का कुठे?"

"कशाला जातील? पाणी चांगलं आहे." मग म्हणाली, "तेव्हा का नाही आणलंत वडिलांना?"

"त्यांना पायऱ्या चढवत नाहीत."

"इकडे कुठे पायऱ्या आहेत?"

मी म्हणालो, नाहीत.

त्या रात्री बाबांना पोस्टकार्ड लिहिलं. वरच्या आळीत जागा नाही, दुसरे भाडेकरू आहेत, पडवीत म्हैस बांधतात. शेवटी लिहिलं, हे खरे आहे. वाचून बघितलं तर कार्डातलं तेच वाक्य खोटं वाटत होतं. खोडलं तर आणखी वाईट दिसू लागलं. मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, म्हैस हाय हे मी बी लिहू काय खाली? तिनं लिहिलं, मामाजी, म्हैस आहे. मी रोज पाहते. मग टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून कळशी मी आणायला लागलो. देवळावरचे म्हातारे बघायचे. एकानं विचारलं, बायको आजारी आहे का. मी म्हणालो, नाही. त्याला ते पटलं नाही.

महिन्यानं बाबांचं उत्तर आलं. पोस्टकार्ड नव्हतं, निळं आंतरदेशीय पत्र होतं. त्याच्या आत काही ठेवू नये, असं त्याच्यावर छापलेलं असतं. बाबांनी ठेवलं होतं. लाल आणि पांढऱ्या सुताचे दोन तुकडे, एकमेकांना गाठ मारून, टोकं दातानं तोडलेली. पत्र त्यांच्या मोठ्या अक्षरात चारच ओळींचं होतं.

पत्र पावले. जागा नाही हे समजले. सोडा बेताने घालावा, जास्तीने चव जाते. सोबत गाठीचा नमुना पाठवीत आहे, पाहून शिकून घ्यावी.

सूत कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेलं आहे. सुटीच्या दिवशी मी दुसरं सूत घेऊन बसतो आणि बाबांच्या गाठीकडे बघत बघत मारून पाहतो. माझी अजून पहिल्या ओढीला सुटते. ती आतून कशी वळवली आहे हे कळायला ती कापावी लागेल. मुलगी म्हणते, बाबा, कापा, आजोबा दुसरी पाठवतील. मी अजून कापलेली नाही.